रीटेकची किमया

चाळीस मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांची तासिका. शिक्षकांनी खडू हातात न घेता सगळा वेळ मुलांना बोलायला दिला, तरी एकेकाच्या वाट्याला जेमतेम ५२ सेकंद येतात. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. दहावीपर्यंत मुले दहा वर्षे ही भाषा वाचतात, लिहितात, पण बोलण्याची पाळी फार थोड्यांवर येते. मुलांनी स्वतः केलेल्या व्हिडिओंचे महत्त्व इथे आहे.

नुसते ऐकून बोलता येत नाही, हे कॅनडात दिसून आले. तिथे इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली मुले शाळेत इतर विषयही फ्रेंचमधून शिकत. वर्षानुवर्षे कानांवर पडून त्यांना फ्रेंच छान समजू लागली, पण बोलताना व्याकरण चुकतच राहिले. त्यावरून १९८५ मध्ये भाषा-अभ्यासक मेरिल स्वेन यांनी मांडले की, मनातले सांगायला तोंड उघडल्यावर आपल्याला नेमके काय येत नाही ते उमगते आणि तिथून शिकणे पुढे सरकते.

दुसरा धागा भाषा-अभ्यासक मार्टिन बायगेट यांच्या १९९६ च्या अभ्यासाचा. इंग्रजी शिकणाऱ्या एका व्यक्तीला टॉम आणि जेरीचे कार्टून दाखवून त्यांनी गोष्ट सांगायला लावली. तीन दिवसांनी, आगाऊ न कळवता, तेच पुन्हा करायला लावले. दुसऱ्या खेपेला शब्द अधिक नेमके आले, वाक्ये सुधारली. पहिल्यांदा सांगताना सारे लक्ष ‘काय सांगायचे’ यात गुंतते. ते ठरले की ‘कसे सांगायचे’ याकडे मन वळते.

एरवी तेच ते पुन्हा बोलायला मुले कंटाळतात. मोबाइलचा कॅमेरा समोर आला की मात्र ‘थांब, परत घे’ असे तीच म्हणतात. आठवडे बाजारातल्या भाजीवालीची ओळख, थालीपीठ कसे लावायचे, शाळेच्या अंगणातून हवामानाचा अंदाज, विषय कुठलाही चालतो. दोन मिनिटांच्या अशा फिल्मसाठी तीच वाक्ये अनेकदा म्हटली जातात आणि कोणालाही ती घोकंपट्टी वाटत नाही. वर्गात हात वर न करणारी मुलेही यात रमतात, कारण फसलेला टेक पुसून टाकता येतो.

खरे नवल पुढे आहे. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही, आणि हाडे खालचे सूर अधिक ठळकपणे पोहोचवतात. रेकॉर्डिंगमध्ये हाडांतला भाग नसतो, म्हणून आवाज पातळ आणि परका वाटतो. ‘हा माझा आवाज नाहीच!’ असे मुले ओरडतात. या परकेपणाचा मोठा उपयोग होतो. स्वतःचे बोलणे दुसऱ्याचे असल्यासारखे ऐकता येते आणि ‘झिरो’ असा उच्चारलेला ‘zero’, क्रियापदाला लागायचा राहिलेला ‘एस’, वाक्याच्या मधेच तुटलेला श्वास, हे सारे कोणी न सांगता कानाला खटकते.

हे घडायचे तर एक पथ्य पाळावे लागते. पूर्ण मजकूर लिहून दिला की मुले तो वाचून दाखवतात. डोळे कागदावरून सरकताना कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतात आणि बोलण्याचा सराव बाजूला राहतो. म्हणून कार्डावर चार-पाच मुद्देच असावेत. गटातली कामेही फिरती ठेवावीत, नाहीतर चुणचुणीत मुलगी दर वेळी निवेदक होते आणि लाजरा मुलगा कायम मोबाइल धरून उभा राहतो.

महागडे साहित्य लागत नाही. चित्रापेक्षा आवाजाची काळजी अधिक घ्यावी: पंखा बंद करावा, वाऱ्याकडे पाठ करावी, दुसरा मोबाइल बोलणाऱ्याच्या जवळ ठेवून त्यावर आवाज वेगळा घ्यावा. पालकांच्या संमतीवाचून फिल्म वर्गाबाहेर जाऊ देऊ नये. आणि सगळेच टेक पुसून टाकू नयेत. पहिला आणि शेवटचा टेक शेजारी लावून पाहिला की फरक मुलाला स्वतःच सांगता येतो, तोही इंग्रजीत.