पडद्यावरील चमत्कार आणि प्रेक्षकाची अपेक्षा

चित्रपट पाहण्याच्या क्रियेला चित्रपटगृहातील दिवे मालवण्यापूर्वीच आरंभ झालेला असतो. भिंतीवरील भित्तिपत्रक, वृत्तपत्रातील जाहिरात, आधी पाहून आलेल्या शेजाऱ्याने केलेले वर्णन यांतून प्रेक्षकाच्या मनात एक चित्रपट अगोदरच तयार होतो आणि पडद्यावर दिसणाऱ्या चित्रपटाची तुलना तो नकळत त्याच्याशी करीत राहतो. कौटुंबिक चित्रपटाच्या बाबतीत ही तुलना फारशी काटेकोर नसते. विज्ञानकथेवर आधारलेल्या चित्रपटात मात्र ती निर्णायक ठरते. कारण तेथे, जे कोणी कधीही पाहिलेले नाही ते दाखविण्याचे वचन दिलेले असते. एकेकाळी ज्यांना लोक ‘ट्रिकसीन’ म्हणत आणि आज ज्यांना ‘व्हीएफएक्स’ म्हणतात, ती चमत्कृतिदृश्ये म्हणजे या वचनाची पूर्तता होय.

येथे एक कोडे उभे राहते. रबरी पोशाखातील परग्रहवासी प्रेक्षकाने प्रेमाने स्वीकारला आणि शेकडो कोटी रुपये खर्चून संगणकावर घडविलेली दृश्ये हसून नाकारली, असे भारतात वारंवार घडले आहे. प्रेक्षक भोळा आहे असे म्हणावे, तर तो दुसऱ्या प्रसंगी इतका कठोर का होतो? आणि तो चोखंदळ आहे असे म्हणावे, तर पहिल्या प्रसंगी त्याने दोष का पाहिला नाही? या प्रश्नाचे उत्तर जसे चित्रपटाच्या तंत्रात शोधावे लागते, तसेच ते चित्रपट प्रेक्षकापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचतो यातही शोधावे लागते.

रायपूरपर्यंतचा मार्ग

या दृष्टीने मुंबई किंवा चेन्नईपेक्षा रायपूरसारखे शहर अधिक बोलके आहे. मध्यप्रांत व वऱ्हाड हे नाव शासनाच्या दप्तरातून १९५० मध्ये मागे पडले. १९५६ मध्ये विदर्भ वेगळा झाला आणि १ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर नव्या छत्तीसगड राज्याची राजधानी बनले. तथापि चित्रपट-वितरकांच्या हिशेबात ‘सी. पी. बेरार’ हा विभाग टिकून राहिला आणि रायपूरचा प्रेक्षक नागपूर व अमरावतीच्या प्रेक्षकाबरोबरच मोजला जात राहिला. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. त्यांच्या दृष्टीने हा केवळ व्यापारी योगायोग नव्हता.

चित्रपटाच्या प्रती जेव्हा फिल्मवर निघत असत, तेव्हा प्रत्येक प्रत खर्चिक असल्यामुळे त्या मोजक्याच काढल्या जात. रिळांच्या पेट्या एका गावाहून दुसऱ्या गावी जात. मोठ्या शहरांतील खेळ आटोपल्यावर लहान शहरांची पाळी येई. या विलंबाचा एक लाभ होता, तो सहसा लक्षात घेतला जात नाही. चित्रपटापूर्वी त्याची ख्याती येऊन पोहोचत असे आणि ती ख्याती निर्मात्याने नव्हे, तर इतर प्रेक्षकांनी निर्माण केलेली असे. मुंबईहून किंवा नागपूरहून आलेला आप्त चित्रपटातील नवलाचे वर्णन करी, त्याचबरोबर कोठे कंटाळा आला हेही सांगे. जाहिरातीतील अतिशयोक्ती वाटेतच गाळली जाई.

२००५ नंतर उपग्रहाद्वारे चित्रपट पाठविण्याची पद्धत रूढ होऊ लागली आणि रायपूरला मुंबईच्याच शुक्रवारी नवा चित्रपट दिसू लागला. विलंब नाहीसा झाला हे इष्टच झाले. परंतु त्याबरोबर ती गाळणीही नाहीशी झाली. पहिल्या दिवशी तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाजवळ आता निर्मात्याच्या जाहिरातीवाचून दुसरा आधार उरला नाही.

जादूगाराचा प्रामाणिकपणा

अतिशयोक्त जाहिरात ही अलीकडची विकृती आहे, असे मात्र समजू नये. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दाखविला जाऊ लागला. पुढे इतर गावी खेळ करताना, ५७,००० छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात दादासाहेब फाळके यांनी केल्याचे सांगितले जाते. आजचा निर्माता खर्चाचे कोटी मोजून दाखवितो. फाळक्यांनी फिल्मची लांबी मोजून दाखविली. ज्या कलेचा परिचय नाही तिचे मोल लोकांना आकड्यांनीच पटविता येते, हे दोघांनीही ओळखले होते.

परंतु फाळक्यांचे दुसरे एक कृत्य अधिक महत्त्वाचे आहे. ते स्वतः जादूचे प्रयोग करीत असत आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केल्फा’ हे नाव त्यांनी धारण केले होते. ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये त्यांनी हनुमंताला आकाशातून नेले. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये बाळकृष्णाला नागाच्या फण्यावर नाचविले. याच काळात, १९१७ मध्ये, त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा एक लघुपटही काढला. जादूगार सहसा आपले गुपित फोडीत नाही. येथे जादूगारानेच प्रेक्षकाला पडद्यामागे नेले आणि तरीही त्याच्या पुढील चित्रपटांची मोहिनी ओसरली नाही. यावरून असे दिसते की, प्रेक्षकाचे नवल त्याच्या अज्ञानावर अवलंबून नसते. समोर दिसते ते खरे नाही हे त्याला ठाऊक असते. काही काळ ते खरे मानण्यास तो राजी असतो. ही संमती मिळविणे आणि टिकविणे हेच चमत्कृतिदृश्याचे खरे कार्य होय.

काळा दोरा

ही संमती कशी मिळते याचे चांगले उदाहरण म्हणजे अदृश्य माणसाची कथा. विजय भट्ट यांच्या ‘ख्वाब की दुनिया’ (१९३७) या चित्रपटात अदृश्य माणूस दाखवायचा होता. बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या पार्श्वभूमीपुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हलविल्या. दोरा पार्श्वभूमीत मिसळून गेला आणि वस्तू आपोआप उचलल्या जात आहेत असा भास झाला. या युक्तीमुळे चित्रपटसृष्टीत त्यांना ‘काला धागा’ हेच नाव पडले.

पन्नास वर्षांनी, १९८७ मध्ये, ‘मिस्टर इंडिया’ या चित्रपटात तीच कल्पना पुन्हा आली. त्यातील चमत्कृतिदृश्ये पीटर परेरा यांनी संगणकाच्या साहाय्यावाचून साकारली. येथे कथेने एक साधा नियम घालून दिला आहे: नायक कोणालाही दिसत नाही, परंतु लाल प्रकाशात दिसतो. हा नियम एकदा सांगितल्यावर प्रत्येक लाल दिवा, प्रत्येक लाल काच प्रेक्षकाच्या मनात धाकधूक उत्पन्न करते. चमत्काराला मर्यादा घातल्यामुळेच त्याला कथेत वजन प्राप्त झाले. उलटपक्षी, ज्या चित्रपटात काहीही घडू शकते तेथे कशाचीही काळजी वाटेनाशी होते.

डोळा कोठे अडखळतो

संगणकयुगातील चमत्कृतिदृश्याची घडण थोडक्यात अशी असते. अभिनेत्याचे चित्रण हिरव्या किंवा निळ्या पडद्यापुढे केले जाते. नंतर तो रंग काढून टाकून त्या जागी दुसरे दृश्य बसविले जाते. जेथे असा पडदा लावता आलेला नसतो तेथे कारागीर प्रत्येक चित्रचौकटीत माणसाची बाह्यरेषा हाताने आखून त्याला पार्श्वभूमीपासून वेगळे करतात. यंत्रमानव किंवा प्राणी संगणकात प्रथम आकृतीच्या रूपाने घडविला जातो. मग त्याला त्वचा, रंग, हालचाल आणि प्रकाश दिला जातो. शेवटी हे सर्व थर एकमेकांवर असे बसवावे लागतात की सांधा दिसू नये.

हे काम किती चिकाटीचे आहे हे साध्या गणितावरून कळेल. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे एका मिनिटाला १,४४० चौकटी असतात. एक चौकट पूर्ण रेखाटण्यास संगणकाला दोन तास लागतात असे धरले, तर एका मिनिटाच्या दृश्यासाठी २,८८० तास लागतील. एकाच संगणकावर हे काम १२० दिवस चालेल. म्हणूनच शेकडो संगणक आणि कारागीर एकाच वेळी राबत असतात. प्रदर्शनाची तारीख अगोदर जाहीर झालेली असली की, सर्वांत शेवटी हाती येणाऱ्या या कामाचाच वेळ कापला जातो.

आणि प्रेक्षकाच्या डोळ्याला घाई लगेच कळते. अंतराळयान कसे उडते हे कोणीच पाहिलेले नसल्यामुळे त्याबाबत तो उदार असतो. परंतु उंचावरून पडणारे शरीर, वाऱ्यावर उडणारे केस, वाहते पाणी, माणसाची चाल आणि विशेषतः माणसाचा चेहरा ही त्याने जन्मभर पाहिलेली असतात. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये असे मांडले की, कृत्रिम आकृती माणसासारखी होत जाते तसतशी ती आवडू लागते. परंतु ती जवळजवळ माणसासारखी झाली की एकाएकी किळसवाणी वाटू लागते. कळसूत्री बाहुली म्हणूनच गोड वाटते आणि किंचित बिघडलेला मानवी चेहरा अस्वस्थ करतो.

‘कोई... मिल गया’ (२००३) मधील ‘जादू’ लोकप्रिय का झाला, याचा उलगडा येथे होतो. पोशाखाच्या आत एक अभिनेता होता. तो सेटवर खरोखरच उभा होता, त्याच्यावर तोच प्रकाश पडत होता आणि समोरचा नट त्याच्याकडेच पाहत होता. तो माणसासारखा दिसण्याचा प्रयत्न करीत नव्हता. एकाकी मुलाचा मित्र होणे एवढेच त्याचे काम होते.

वचनाचे वाढते ओझे

जाहिरातीचा दोष केवळ अतिशयोक्तीत नसून तिच्या स्वरूपातही आहे. चित्रपटाची पहिली झलक प्रदर्शनाच्या अनेक महिने आधी प्रसृत होते. चमत्कृतिदृश्यांचे काम तेव्हा पुष्कळदा अपुरे असते. शिवाय ती झलक आज हातातील लहानशा फोनवर, थांबवून, पुन्हा पुन्हा पाहिली जाते. कथेची जी पार्श्वभूमी दृश्याला आधार देते ती तेथे नसते. म्हणजे प्रेक्षकाची संमती मागण्यापूर्वीच त्याच्यापुढे केवळ युक्ती ठेवली जाते. साहजिकच तो परीक्षकाच्या भूमिकेतून ती पाहतो.

‘रा-वन’ (२०११) या चित्रपटाची जाहिरात अनेक महिने गाजत होती. त्यातील दृश्यचमत्कृतींना पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तथापि अनेक समीक्षकांनी दृश्यांची स्तुती करूनही कथेला मात्र दुबळे ठरविले. ‘रोबोट’ (२०१०) या चित्रपटाचा पुढील भाग ‘२.०’ चमत्कृतिदृश्ये पूर्ण न झाल्यामुळे वेळोवेळी लांबणीवर पडत अखेर २९ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. दरम्यान त्याच्या खर्चाचे आकडे कथेपेक्षा अधिक चर्चिले गेले. खर्चाचा आकडा हेच वचन बनले की प्रेक्षक प्रत्येक दृश्यात तो आकडा शोधू लागतो.

याचे सर्वांत तीव्र उदाहरण विज्ञानपटाच्या शेजारच्या क्षेत्रातील आहे. ओम राऊत दिग्दर्शित ‘आदिपुरुष’ ही रामकथा विज्ञानपटांच्याच तंत्रांनी साकारलेली होती. २ ऑक्टोबर २०२२ रोजी अयोध्येत तिची झलक दाखविण्यात आली. दृश्ये व्यंगपटासारखी दिसतात अशी टीका झाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये नियोजित असलेले प्रदर्शन १६ जून २०२३ पर्यंत पुढे ढकलण्यात आले. रायपूरमध्ये या प्रकरणाला निराळीच धार होती. रायपूरजवळील चंदखुरी येथे कौसल्येचे मंदिर आहे. छत्तीसगड हे रामाचे आजोळ आणि राम हा तेथील लोकांचा भाचा मानला जातो. घरच्या भाच्याचे रूप कसे असावे याचे चित्र ज्या मनांत पिढ्यान्‌पिढ्या ठसलेले आहे, त्यांना नवे तंत्र दाखवून दिपविता येत नाही. प्रदर्शनानंतर तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी चित्रपटातील संवादांवर उघड टीका केली. निर्मात्यांनाही काही संवाद बदलावे लागले. चित्रांचा दोष आणि शब्दांचा दोष प्रेक्षकाने वेगवेगळा मोजला नाही. दिलेली संमती त्याने एकदमच काढून घेतली.

थोडे दाखविण्याची कला

याउलट ‘जुरासिक पार्क’ (१९९३) या चित्रपटाकडे पाहावे. १९९४ मध्ये त्याची हिंदी आवृत्ती भारतात आली आणि इंग्रजी न जाणणाऱ्या फार मोठ्या प्रेक्षकवर्गाला परदेशी विज्ञानपटाचे दार उघडले. दोन तासांहून अधिक लांबीच्या या चित्रपटात डायनोसॉर एकूण सुमारे पंधराच मिनिटे दिसतात आणि त्यांतीलही बरेच यांत्रिक पुतळे आहेत. ज्या क्षणी प्रेक्षकाचा श्वास रोखला जातो तेव्हा तर पडद्यावर प्राणीच नसतो. मोटारीत ठेवलेल्या पेल्यातील पाणी तेवढे थरथरते. हे तरंग पेल्याखाली ताणून बसविलेली गिटारची तार छेडून उठविले होते. बाबूभाई मिस्त्री यांच्या काळ्या दोऱ्याशी या तारेचे नाते उघड आहे.

म्हणून चमत्कृतिदृश्याविषयीची अपेक्षा खर्चाच्या किंवा चौकटींच्या आकड्यांवर बेतणे प्रेक्षकाच्या हिताचे नाही. अदृश्य माणसाला घालून दिलेला नियम कथा पाळते काय, पात्रांना समोरच्या प्राण्याचे भय किंवा माया खरोखर वाटते काय, कारागिरांना पुरेसा वेळ मिळाला होता काय, या प्रश्नांवर चित्रपटाचे यश अधिक अवलंबून असते. पूर्वी या प्रश्नांची उत्तरे नागपूरहून येणाऱ्या आप्तांबरोबर रायपूरला पोहोचत. आता शुक्रवारचा पहिला खेळ सुटला की रायपूरच्या प्रेक्षकाचाच अभिप्राय दुसऱ्या खेळापूर्वी नागपूरला कळतो. नाहीशी झालेली गाळणी अशा रीतीने त्याच्याच हाती आली आहे, आणि पुढच्या खेळाचे तिकीट काढावे की नाही हे आता तो सांगेल त्यावरून ठरते.