बिनतारी जाळ्याचें यंत्र कोठें बसवावें?

हल्लीं पुष्कळ बागायतदारांच्या घरीं वाय-फायचा राउटर आला आहे. बाजारभाव पाहणें, हवामानाचा अंदाज घेणें, विहिरीवरील मोटार दुरून चालू-बंद करणें हीं कामें त्याच्या आधारें होतात. तथापि गोठ्यांत गेलें कीं जोडणी तुटते, अशी तक्रार वारंवार ऐकूं येते. आणि उपाय म्हणून अधिक किंमतीचें यंत्र आणलें जातें. आमच्या मतें हा खर्च बहुधा वायां जातो. दोष पुष्कळदां यंत्राचा नसून जागेचा असतो. शिवाय यंत्राचा आवाज फोनपर्यंत पोहोंचला तरी फोनचा क्षीण आवाज यंत्रापर्यंत परत पोहोंचावा लागतो. मोठ्या यंत्रानें फोनचें बळ वाढत नाहीं.

तार घरांत जेथून येते त्याच कोपऱ्यांत यंत्र टांगण्याचा प्रघात आहे. कोपऱ्यांतल्या यंत्राच्या निम्म्याहून अधिक लहरी घराबाहेर फुकट जातात. मोकळ्या जागेंतही अंतर दुप्पट झालें कीं लहरींचा जोर चौथाईवर येतो. यास्तव यंत्र वापराच्या जागांच्या मध्यावर व डोक्याहून उंच असावें. बाहेरची अँटेना असल्यास ती उभी ठेवावी. लहरी तिच्या चोहों बाजूंस पसरतात, टोकाच्या दिशेनें फार थोड्या जातात.

अडथळ्यांचेंही तारतम्य पाहावें. लांकडी फळी थोडा जोर खाते. दगडाची किंवा जाड मातीची भिंत पुष्कळ खाते. लोखंडी पत्रा लहरी परतवून लावतो, आणि पाणी त्या शोषून घेतें. म्हणून लोखंडी कपाट, धान्याची पत्र्याची कोठी व पाण्याची टांकी यांच्या आड यंत्र ठेवूं नये. बहुतेक यंत्रांत २.४ व ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात. पहिला भिंतींतून अधिक दूर जातो; दुसरा वेगवान, पण लवकर क्षीण होतो. गोठ्यासाठीं पहिला बरा.

जागा अंदाजानें ठरवूं नये, मोजून ठरवावी. लहरींचा जोर आंकड्यांत दाखविणारें ॲप फोनवर घ्यावें. यंत्र तात्पुरतें तीन ठिकाणीं ठेवून प्रत्येक वेळीं माजघर, ओसरी व गोठा येथील आंकडे कागदावर टिपावे. हे आंकडे उणे असतात. उणे ५० उत्तम, उणे ६७ चालण्याजोगा, उणे ८० निरुपयोगी समजावा. आंकडा १० नें घसरला म्हणजे जोर दशांशावर आला. दारें नेहमींप्रमाणें लावूनच मोजावें.

विहीर दूर असल्यास घरावर व मोटारीच्या खोलीवर एकमेकींकडे तोंड केलेल्या दिशादर्शी अँटेना लागतात. येथें खरी फसगत होते. लागणीच्या वेळीं रान मोकळें असतां उत्तम चाललेली जोडणी ऊंस डोक्यावर गेला कीं बंद पडते. कारण हिरवें पान पाण्यानें भरलेलें असतें. लहरींचा मार्ग दोरीसारखा बारीक नसून मध्यें फुगीर असतो. ३०० मीटर अंतरावर ५ गिगाहर्ट्झसाठीं मध्यभागीं सरळ रेषेभोंवतीं सुमारें २ मीटर, व २.४ साठीं सुमारें ३ मीटर जागा मोकळी लागते. ऊंस ३ मीटर वाढणार असेल तर ५ गिगाहर्ट्झच्या अँटेना निदान ५ मीटर उंच हव्यात. खांबास विजेपासून रक्षणासाठीं भूमिजोडणी करावी. शेतीपंपाची वीज ठराविक तासच येत असल्यास तेथील यंत्रास सौर पत्रा व बॅटरी द्यावी.

सारांश, घरांत मध्य व उंची, आणि शेतांत उभें पीक यांचा विचार करून जागा ठरवावी. नवें यंत्र घेण्यापूर्वीं एक दिवस या मोजणीस द्यावा. त्यानंतरही गोठ्यांतील आंकडा सुधारला नाहीं, तरच तेथवर तार नेऊन दुसरें यंत्र बसवावें.