तिकिटाची खिडकी

एके काळी गावाला जायचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघे, "रेल्वेत कुणाची ओळख आहे का?" ओळख असली तर बर्थ मिळे. नसली तर घरातल्या एखाद्या धट्ट्याकट्ट्या मुलाने पहाटेपासून रांग धरावी, आणि खिडकीशी पोहोचावे तो आतल्या बाबूने मान वर न करता "फुल्ल!" म्हणावे. गाडी खरोखरच भरली आहे की भरलेली ठेवली आहे, हे त्या बाबूला आणि त्याच्या जाडजूड वहीलाच ठाऊक!

संगणक आला आणि त्याने रेल्वे बदलली, असे आजकाल सरसकट म्हटले जाते. मला ते उलटे वाटते. लोकांना त्या वहीचा वीट आला होता, म्हणून संगणक आला. १९७७ साली मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. पदार्थविज्ञानाचे हे प्राध्यापक कोकणातल्या राजापूरहून निवडून आलेले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर त्यांनी गादी घातली, हे पुष्कळांना आठवते. पण आरक्षण संगणकाकडे सोपवण्याची सुरुवातही त्यांच्याच काळातली. त्यामागे यंत्राची हौस नव्हती. खिडकीवरची चिरीमिरी आणि प्रवाशाच्या जिवाची घालमेल थांबवायची होती. १९७४ चा वीस दिवसांचा संप ताजा होता, कामगारांची मने दुखावलेली होती. अशा वेळी माणसाच्या हातचे काम यंत्राला देण्याची गोष्ट काढणे सोपे नव्हे. दिल्लीच्या खिडकीवर संगणक प्रत्यक्ष बसायला १९८६ साल उजाडले.

पुढेही यंत्राला आपल्या कलाने चालावे लागले. २००२ साली इंटरनेटवर तिकीट काढण्याची सोय झाली, पण तिकीट कागदाचेच. ते कुरिअरने घरी येई. हातात कागद नसेल तर प्रवास कसला, ही आपली समजूत! २००५ मध्ये ई-तिकीट आले, तरी त्याचा छापील कागद जवळ बाळगावा लागेच. माझे सासरे त्याच्या तीन प्रती काढीत. एक खिशात, एक पिशवीत आणि एक घरी, देवाजवळ.

आपल्या चालीरीतीही यंत्राने उचलल्या. वडीलधाऱ्यांना खालची जागा द्यावी, हा आपल्या डब्यातला जुना शिष्टाचार. आता साठीचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या बायका यांना, जागा शिल्लक असेल तर, संगणक आपण होऊन खालचा बर्थ देतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, आणि पुढे तिकिटाच्या अर्जातही त्यांच्यासाठी वेगळा रकाना आला.

आणि आपले चाळे? तेही यंत्राला शिकावे लागले. मुंबईच्या लोकलसाठी मोबाइलवरचे तिकीट निघाले, तेव्हा ते रुळांपासून थोडे दूर असतानाच काढता येई. कारण उघड आहे. तिकीट तपासनीस दिसल्याबरोबर खिशातला फोन काढणारे वीर आपल्यात काही कमी नाहीत! स्टेशनावरच्या तिकीटयंत्रांची कथा तर याहून गमतीची. माणसाचे काम वाचावे म्हणून ती बसवली, पण लोक बटणांना बिचकू लागले; तेव्हा यंत्राशेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ उभे करावे लागले. रांग पुन्हा माणसासमोरच.

एक गोष्ट मात्र गेली, तिची मला हळहळ आहे. डब्याच्या दारावर चिकटवलेला तक्ता! मोठ्या स्थानकांवर २०१८ पासून तो बंद झाला. शेजारी कोण, आडनाव काय, वय किती, हे गाडी सुटण्यापूर्वीच कळे. माझ्या एका आत्याने त्या तक्त्यावरून एक स्थळ शोधले होते. मराठीच्या मास्तराला आणखी एक करमणूक असे: इंग्रजीतून देवनागरीत येताना साठ्यांचे 'सथे' होत.

असो. गणपतीच्या गाड्यांकडे वळतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी दरवर्षी कणकवलीला जातात. पूर्वी त्या आणि त्यांचा भाऊ आळीपाळीने रात्रभर रांगेत बसत. हाल होत, पण सकाळी खिडकी उघडली की तिकीट हाती पडे. आता आरक्षण साठ दिवस आधी, सकाळी आठ वाजता, खिडकीवर आणि घराघरांतल्या फोनवर एकदमच उघडते. मावशी रांगेत पहिल्या असूनही बाबूने नावे टंकून होईपर्यंत प्रतीक्षायादी सुरू झालेली. त्या मला म्हणाल्या, "दादा, पूर्वी पहिला नंबर म्हणजे पहिला नंबर. आता माझ्या पुढे कोण उभं आहे, ते दिसतच नाही."

दलालांच्या झटपट यंत्रणांना आळा बसावा म्हणून २०२५ च्या जुलैपासून इंटरनेटवरच्या तत्काळ तिकिटाला आधारची जोड आली. ते योग्यच झाले. पण दलाल बाजूला झाला म्हणून मावशींच्या हाती चांगला फोन आणि चपळ बोटे येत नाहीत. ओळख लागायची ती लागतेच. फक्त आता ती रेल्वेतली नव्हे, फोन सराईतपणे चालवणाऱ्या कुणाची तरी लागते.

मावशींची ती ओळख म्हणजे आमची कन्या. यंदा ती आठाला दहा कमी असतानाच फोन घेऊन बसली. नाव भरून झाले.

"मावशी, वय किती लिहू?"

"खालची जागा मिळेल तेवढं लिही."

"असं नाही चालत. आधारवर आहे तेच लिहायचं."

"म्हणजे त्यांना ठाऊक आहे," मावशी पोळी उलटत म्हणाल्या, "मग मला कशाला विचारतात?"