ज्याची खावी पोळी

‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण मराठीत पूर्वापार रूढ आहे. तिच्यात उपरोध आहे, तसाच व्यवहाराचा रोकडा अनुभवही आहे. दरबारातील भाटाने धन्याची स्तुती गावी यात कोणाला फारसे नवल वाटत नाही. कारण ऐकणाराही त्या स्तुतीचे मोल जाणून असतो. शास्त्रज्ञाची गोष्ट निराळी आहे. एखादा पदार्थ खाण्यास निर्धोक आहे असे प्रयोगशाळेतून सांगण्यात आले की सामान्य माणूस ते पडताळून पाहू शकत नाही. त्याच्याजवळ ना उपकरणे असतात, ना तेवढा वेळ. तो विश्वास ठेवतो आणि पानात वाढलेले खातो. म्हणूनच शास्त्रज्ञाची पोळी कोणाच्या घरची आहे, हा प्रश्न अन्नशास्त्रात विशेष महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतील साखरविषयक संशोधनाचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंची मोठी चिंता निर्माण झाली होती. आहाराचा या विकाराशी काही संबंध असावा, यावर बहुतेकांचे एकमत होते. मतभेद होता तो दोषी पदार्थ कोणता याविषयी. लोणी, मांस यांतील संपृक्त स्निग्ध पदार्थांमुळे रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते आणि त्यातून रोहिण्या अरुंद होतात, असे एक पक्ष म्हणत असे. लंडनमधील आहारशास्त्रज्ञ जॉन युडकिन यांच्यासारखे काही संशोधक साखरेकडे बोट दाखवीत. हा वाद प्रामाणिक होता आणि त्या काळच्या पुराव्यावर तो निर्णायकपणे मिटण्यासारखाही नव्हता.

साखर उद्योगाने स्थापन केलेली ‘शुगर रिसर्च फाउंडेशन’ ही संस्था या वादाकडे बारकाईने पाहत होती. 1954 सालीच तिचे अध्यक्ष हेन्री हास यांनी एका भाषणात हिशेब मांडला होता, की अमेरिकन लोकांनी आहारातील स्निग्धांश कमी केला आणि त्याची जागा साखरेने घेतली, तर दरडोई साखरेचा खप सुमारे एक तृतीयांशाने वाढेल. जुलै 1965 मध्ये न्यू यॉर्कच्या ‘हेरल्ड ट्रिब्यून’ या वृत्तपत्राने साखर आणि हृदयविकार यांचा संबंध जोडणाऱ्या नव्या संशोधनाला मोठी प्रसिद्धी दिली. त्यानंतर दोनच दिवसांनी संस्थेच्या कार्यकारी समितीने एका प्रकल्पास मंजुरी दिली. या विषयावरील सर्व प्रकाशित संशोधनाचा परामर्श घेणारा एक लेख हार्वर्ड विद्यापीठातील आहारशास्त्रज्ञांकडून लिहवून घ्यावयाचा, असे ठरले. त्यासाठी एकूण 6,500 डॉलर देण्यात आले. 2016 सालच्या किमतीत ही रक्कम जवळजवळ 50,000 डॉलर भरते.

हा लेख 1967 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात दोन भागांत प्रसिद्ध झाला. मॅकगँडी, हेगस्टेड आणि स्टेअर हे त्याचे लेखक. हृदयविकार टाळण्यासाठी आहारात कोलेस्टेरॉल कमी करणे आणि संपृक्त स्निग्धांऐवजी असंपृक्त तेले वापरणे एवढाच बदल आवश्यक आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. साखरेला जवळजवळ निर्दोष ठरविण्यात आले. लेखकांना मिळालेल्या इतर काही साहाय्याचा लेखात उल्लेख होता. साखर संस्थेच्या पैशाचा मात्र नव्हता.

ही हकिकत पुढे जवळजवळ अर्धशतक कागदपत्रांत पडून राहिली. क्रिस्टिन केर्न्स या मूळच्या दंतवैद्य. साखरेने दात किडतात हे रोज पाहणाऱ्या या बाईंनी ग्रंथालयांतील जुने दप्तर चाळण्यास प्रारंभ केला. रॉजर अॅडम्स नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ साखर संस्थेचे सल्लागार होते. इलिनॉय विद्यापीठाने जपून ठेवलेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात व इतर संग्रहांत केर्न्स यांना या प्रकल्पाची पत्रे सापडली. संस्थेचे संशोधन-प्रमुख जॉन हिक्सन यांनी आपल्या संस्थेला कशात रस आहे हे लेखकांना आधीच कळविले होते, आणि आपणांस त्याची जाणीव असल्याचे उत्तर हेगस्टेड यांनी दिले होते. आयोवातील संशोधकांचा साखरेविरुद्ध नवा निबंध आला की त्याच्या खंडनासाठी एखादा भाग पुन्हा लिहावा लागतो आणि म्हणून विलंब होतो, असाही खुलासा त्या पत्रांत आहे. अखेरचा मसुदा वाचून, आमच्या मनात होते ते हेच, असे समाधान हिक्सन यांनी व्यक्त केले. ही सर्व हकिकत केर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली प्रसिद्ध केली.

या लेखात खोटे आकडे घातले होते काय? तसा आरोप कोणी केलेला नाही. दोष अधिक सूक्ष्म होता, आणि म्हणूनच तो समजून घेण्यासारखा आहे. परामर्श-लेखाचे काम न्यायाधीशासारखे असते. समोर आलेल्या प्रत्येक साक्षीला एकच कसोटी लावावयाची असते. केर्न्स यांच्या परीक्षणानुसार येथे कसोट्या दोन झाल्या. साखरेविरुद्धच्या पाहण्या आल्या, तेव्हा त्यांतील उणिवा काटेकोरपणे दाखवून त्या बाजूस सारल्या गेल्या. स्निग्धांविरुद्धच्या पुराव्यातील तशाच उणिवा सोसण्याजोग्या मानल्या गेल्या. तराजू तोच होता, वजनेही खरी होती. एका पारड्याखाली बोट मात्र लागले होते.

दुसऱ्या एका प्रकल्पाची कथा तर याहून बोलकी आहे. 1968 ते 1970 या काळात याच संस्थेने इंग्लंडातील बर्मिंगहॅम विद्यापीठात पोव्हर या संशोधकाच्या उंदरांवरील प्रयोगांना पैसा पुरविला. साखर खाणारे आणि पिष्ट खाणारे उंदीर यांच्या आतड्यांतील जंतूंचा शरीरावर काय परिणाम होतो, हे पाहावयाचे होते. दोन्ही गटांत फरक दिसू लागला, आणि साखरेच्या गटात मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध असू शकेल अशा एका विकराची वाढ आढळली. प्रयोग पुरा करण्यास आणखी बारा आठवडे हवे होते. ती मुदत मिळाली नाही. पैसा थांबला आणि निष्कर्ष कधीच छापले गेले नाहीत. त्याच सुमारास, 1969 साली, सायक्लामेट या कृत्रिम गोडीच्या पदार्थावर अमेरिकेत बंदी आली. तिला आधार होता उंदरांच्या मूत्राशयात दिसलेल्या गाठींचा. बर्मिंगहॅमच्या उंदरांवरून साखरेने माणसाला कर्करोग होतो असे सिद्ध होत नव्हते, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. परंतु प्रश्न विचारला गेला होता, आणि उत्तर येण्यापूर्वी तो मिटविण्यात आला. छापलेली चूक कोणीतरी केव्हातरी दुरुस्त करू शकतो. न छापलेले सत्य दुरुस्त कोण करणार?

या प्रकरणाला दुसरीही बाजू आहे आणि ती न सांगणे हाही एक प्रकारचा पक्षपातच होईल. 2018 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जॉन्स आणि ओपेनहायमर या दोन अभ्यासकांनी ‘साखरेचा कट’ ही कल्पना अतिशयोक्त असल्याचे प्रतिपादन केले. उद्योगांकडून पैसा घेणे त्या काळी सर्रास चालत असे, आणि तो जाहीर करण्याचा दंडकही नव्हता. त्या नियतकालिकाने तशी अट 1984 मध्ये घातली. शिवाय हेगस्टेड यांचे मत विकत घेतलेले नव्हते. संपृक्त स्निग्धे आणि रक्तातील कोलेस्टेरॉल यांच्या संबंधाचे त्यांचे स्वतःचे महत्त्वाचे संशोधन 1965 सालीच प्रसिद्ध झाले होते, आणि त्या संबंधाचा मुख्य भाग आजही मान्य आहे.

हा आक्षेप विचारात घेतला की प्रश्न अधिकच गंभीर होतो. लाच घेऊन खोटे बोलणारा माणूस ओळखणे त्या मानाने सोपे असते. येथे उद्योगाला कोणाचे मत बदलावे लागले नाही. आपल्या सोयीचे मत ज्याचे आधीपासून आहे असा विद्वान निवडून त्याच्या हाती लेखणी देणे पुरेसे होते. अशा विद्वानाला आपण पक्षपात करीत आहोत याची जाणीवही नसते.

हा प्रकार एकट्या साखरेपुरता नाही. शीतपेये, फळांचे रस आणि दूध यांविषयीच्या 206 लेखांची छाननी 2007 साली प्रसिद्ध झाली. ज्या अभ्यासांचा सर्व खर्च उद्योगाने केला होता, त्यांचे निष्कर्ष उद्योगास अनुकूल असण्याचा संभव इतरांच्या मानाने चार ते आठ पट अधिक आढळला. 2015 साली कोका-कोला कंपनीच्या पैशावर उभी राहिलेली, लठ्ठपणाच्या चर्चेत आहारापेक्षा व्यायामावर भर देणारी शास्त्रज्ञांची एक संघटना उजेडात आली. टीका होताच ती त्याच वर्षी विसर्जित झाली, आणि कोलोरॅडो विद्यापीठाने कंपनीचे दहा लाख डॉलर परत केले.

भारतात अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा 1954 सालचा. त्याच्या जागी 2006 साली अन्नसुरक्षा व मानके कायदा आला. अन्नातील रंग, परिरक्षके, कीटकनाशकांचे अवशेष यांविषयी सल्ला देणारी वैज्ञानिक मंडळे स्वतंत्र तज्ज्ञांची असावीत, असे या कायद्याच्या तेराव्या कलमात म्हटले आहे. तरीही मंडळांवर उद्योगांची माणसे नेमली गेली, आणि 2011 साली सर्वोच्च न्यायालयाला ती मंडळे कायद्याप्रमाणे नव्याने नेमण्याचा आदेश द्यावा लागला. नियम कागदावर असणे आणि खुर्चीवर योग्य माणूस असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग उद्योगाचा पैसा संशोधनाला वर्ज्यच मानावा काय? तसे करणे शहाणपणाचे होणार नाही. संशोधन खर्चाचे असते, आणि ज्याचा माल बाजारात येणार त्याने तो निर्धोक असल्याचे सिद्ध करण्याचा खर्च सोसावा, यात अन्याय नाही. मात्र काही पथ्ये अटळ आहेत. पैसा कोणाचा, हे लेखाच्या माथ्यावर स्पष्ट असावे. प्रयोगाचा हेतू आणि पद्धत आरंभापूर्वीच सार्वजनिक नोंदवहीत लिहिलेली असावी. औषधांच्या चाचण्यांसाठी अशी नोंदवही भारतात 2007 पासून आहे. निष्कर्ष अनुकूल असो वा प्रतिकूल, तो छापण्याचा अधिकार संशोधकाचाच राहावा. आणि ज्या प्रश्नांचे उत्तर कोणत्याच उद्योगाला नको असते, त्या प्रश्नांसाठी सरकारी तिजोरीतून पैसा मिळत राहावा. हे शेवटचे पथ्य सर्वांत महाग आहे आणि सर्वांत आवश्यकही.

आज जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे, की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी शक्ती दिवसाच्या एकूण शक्तीच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी. दोन हजार कॅलरींच्या आहारात ही मर्यादा सुमारे 50 ग्रॅम, म्हणजे चहाचे बारा चमचे इतकी होते. घरातील गृहिणी हा आकडा मानून मुलांच्या दुधात साखर बेताने घालते. आकडा कसा निघाला, हे ती विचारीत नाही. तो प्रामाणिकपणे काढला असेल एवढेच ती गृहीत धरते. तिचा हा विश्वास हेच अन्नशास्त्राचे खरे भांडवल. शास्त्रज्ञाने पोळी कोणाचीही खावी. टाळी मात्र पुराव्यासाठीच वाजवावी.