ट्यूबमधलं औषध कुणाचं, ट्यूबवरचं नाव कुणाचं?

ज्यांना भाग ऐकायला वेळ झाला नाही त्यांच्यासाठी हे नेहमीप्रमाणे लेखी रूप. बोलताना अडखळलेली वाक्यं थोडी सावरून घेतलीत, बाकी जसंच्या तसं.

रील्स बघताना ही जाहिरात तुम्हालाही दिसली असेल. गालावरचे डाग सात दिवसांत गायब, आणि खाली ठळक अक्षरांत 'पेटंटेड फॉर्म्युला'. हे वाचलं की वाटतं, सरकारने हे क्रीम तपासून शिक्का मारला असणार. तर तसं काही नसतं बरं का! पेटंट ऑफिस कुणाच्या गालाला काही लावून बघत नाही. ते तीन गोष्टी पाहतं. ही कल्पना नवीन आहे का, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ती सहज सुचली असती का, आणि उद्योगात तिचा उपयोग होतो का. औषध सुरक्षित आहे की नाही, त्याने गुण येतो की नाही, हे बघायला औषध नियंत्रक असतात. ते टेबलच वेगळं. एखाद्या क्रीमला पेटंट असूनही ते विक्रीला येत नाही, आणि अगदी उत्तम क्रीमवर आज कुणाचंच पेटंट नसतं. दोन्ही रोजचं आहे.

आपल्या घरातलीच ट्यूब घेऊ. नवी मुंबईत, दमट हवेत, लोकलच्या गर्दीत घाम जिरवत जगणाऱ्या माणसाला गजकर्ण काय ते समजावून सांगावं लागत नाही. काही जण नायटा म्हणतात. मांडीच्या सांध्यात, काखेत गोल चट्टा उठतो, कडेने लाल, आणि खाज अशी की मीटिंगमध्ये बसवत नाही. मेडिकलमध्ये गेलं की हातात पडणाऱ्या ट्यूबवर बारीक अक्षरात बहुतेक वेळा एक नाव सापडतं, क्लोट्रिमाझोल.

हे औषध शोधलं जर्मनीतल्या बायर कंपनीने, १९६० च्या दशकाच्या शेवटी. १९७३ पासून ते 'कॅनेस्टेन' नावाने विकलं जाऊ लागलं. म्हणजे तुमच्या आईवडिलांच्या शाळेच्या दिवसांतली गोष्ट. पेटंट हा एक सौदा असतो: तुम्ही तुमचा शोध लेखी, सगळ्यांना समजेल असा उघड करा, त्या बदल्यात अर्ज केल्यापासून २० वर्षं तो दुसऱ्या कुणाला तुमच्या परवानगीशिवाय बनवता किंवा विकता येणार नाही. मुदत संपली की शोध सगळ्यांचा. क्लोट्रिमाझोल केव्हाच सगळ्यांचं झालंय.

भारतात तर गंमत आणखी वेगळी होती. आपला १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये लागू झाला आणि त्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणं बंदच केलं. पेटंट मिळायचं ते फक्त बनवण्याच्या पद्धतीवर, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षं. मग आपल्या केमिस्टांनी काय केलं? तोच रेणू, वेगळी वाट. कायद्याने चोख. मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या औषध कंपन्या मोठ्या झाल्या त्याला या कायद्याचा मोठा हातभार आहे. १९७७ मध्ये ग्रेशियस सल्डाना यांनी दोन मुलांची नावं जोडून एक कंपनी काढली. ग्लेन आणि मार्क, म्हणून ग्लेनमार्क. तिचं क्लोट्रिमाझोलचं 'कँडिड' तुम्हाला माहीत असणारच, आणि तिचं संशोधन केंद्र आज महापेच्या एमआयडीसीत आहे. कोपरखैरणेहून रिक्षाने जाता येईल इतकं जवळ. पुढे जागतिक व्यापार करारामुळे १ जानेवारी २००५ पासून रेणूवरची पेटंटं परत आली. पण १९७० च्या दशकातल्या औषधाला त्याचा काय फरक पडणार!

मग आज त्वचेच्या औषधात पेटंट घेण्यासारखं उरतं काय? तर ज्यात ते औषध कालवलेलं असतं तो लगदा. हसू नका, खरी मेहनत तिथेच आहे. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, विटांच्या भिंतीसारखा, आणि विटांमध्ये चरबीचा गिलावा. बाहेरचं आत जाऊ न देणं हेच त्याचं काम. औषधाला त्या भिंतीतून आत जायचंय, पण फार खोल, थेट रक्तात नाही. म्हणून ते मलमात घालायचं की जेलमध्ये, कणांचा आकार किती, आम्लता किती, आत शिरायला मदत करणारं द्रव्य कोणतं, यावर वर्षं जातात. या रचनेवर पेटंट मिळू शकतं. स्वस्त नक्कल करणाऱ्यालाही इथेच घाम फुटतो. गोळी असेल तर रक्तात औषध किती उतरलं हे मोजून 'आमचं तुमच्यासारखंच' असं सिद्ध करता येतं. क्रीम रक्तात जवळजवळ उतरतच नाही. मग स्टेरॉइडच्या क्रीमसाठी एक मजेशीर चाचणी करतात. ते हातावर लावायचं आणि त्वचा किती पांढुरकी पडते ते मोजायचं. स्टेरॉइडने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून कातडी फिकी पडते.

आणि नुसतं मिश्रण? बुरशीचं एक औषध, सूज उतरवणारं दुसरं, दोन्ही जुनी, एका ट्यूबमध्ये भरली. याला पेटंट मिळेल? आपल्या कायद्याचं कलम ३(इ) सांगतं, नुसती सरमिसळ म्हणजे शोध नाही. दोन्ही एकत्र आल्यावर बेरजेपेक्षा जास्त गुण आला हे दाखवा, मग बोलू. मला हे कलम फार आवडतं. आपल्याकडे कॉम्बिनेशन क्रीम्सचा जो सुकाळ आहे तो पाहता ते नसतं तर काय झालं असतं!

त्वचेवरच्या पेटंटचं नाव निघालं की कुणीतरी हळदीची गोष्ट काढतंच, म्हणून ती थोडक्यात. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना जखम बरी करण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआरचे प्रमुख तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्याच्या माशेलचे, पुण्याच्या एनसीएलमधून गेलेले. आता 'आमची आजी लावायची' हे कितीही खरं असलं तरी पेटंट ऑफिसला छापील कागद लागतो. सीएसआयआरने ३२ संदर्भ गोळा केले, त्यात संस्कृत ग्रंथ होते आणि १९५३ चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला लेखही. १९९७ मध्ये सगळे दावे फेटाळले गेले. बरं, भारतात असा अर्ज आलाच नसता, कारण उपचाराच्या पद्धतीवर आपल्याकडे पेटंटच मिळत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. रेणू सगळ्यांचा झाला, मिश्रणावर पेटंट नाही. मग कंपनीचं स्वतःचं म्हणून उरतं काय? नाव. पेटंट २० वर्षांत संपतं, पण ट्रेडमार्क दर १० वर्षांनी फी भरून कितीही काळ चालू ठेवता येतो. म्हणून कंपन्या जुन्या औषधात जीव ओततात तो नावात, रंगात, डब्यावरच्या अक्षरांच्या वळणात.

२०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याच वळणावरून खटला उभा राहिला. ग्लेनमार्कचं क्रीम 'कँडिड-बी'. गाल्फा लॅबोरेटरीज नावाच्या कंपनीचं 'क्लोडिड-बी'. नाव वाचा, मोठ्याने वाचा. रंगसंगती आणि अक्षरांची ठेवणही तशीच. यात पेटंटचा काही संबंधच नव्हता. तीच औषधं विकायला गाल्फाला पूर्ण मोकळीक होती, स्वतःचं नाव ठेवून. ऑगस्ट महिन्यात न्यायमूर्ती काथावाला यांनी निकाल दिला. ही कंपनी हे सराईतपणे करते असं नोंदवून त्यांनी दीड कोटी रुपयांचा भुर्दंड बसवला. केरळात तेव्हा महापूर होता. ती रक्कम केरळच्या मुख्यमंत्री मदत निधीत भरायला सांगितली. औषधं म्हणजे मिठाई नव्हे, औषध कंपन्यांवर जास्तीची जबाबदारी असते, असं न्यायालयाने बजावलं.

मिठाई नव्हे ते कसं, हे त्या 'बी' अक्षरातच आहे. नुसत्या कँडिड क्रीममध्ये क्लोट्रिमाझोल. कँडिड-बीमध्ये त्याच्या जोडीला बेक्लोमेटासोन, म्हणजे स्टेरॉइड. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिलं तर ठीक. पण गजकर्णावर कुणी मनानेच अशी स्टेरॉइडची ट्यूब महिनोन्‌महिने चोळली तर काय होतं? खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश. आत मात्र स्टेरॉइडने त्वचेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. चट्टा पसरतो, त्याची गोल कड पुसट होते, डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. कातडी पातळ होते, मांडीवर कायमचे वळ उठतात. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना, आयएडीव्हीएल, कित्येक वर्षं यावर ओरडत होती. मार्च २०१८ मध्ये सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. काउंटरवर हे किती पाळलं जातं ते तुम्हीच आठवून बघा.

तेव्हा पुढच्या वेळी ट्यूब हातात आली की मोठ्या अक्षरातलं नाव सोडा आणि घटक वाचा. एकच नाव आहे की दोन-तीन? शेवटी '-सोन' किंवा '-सोल' असेल तर एकदा विचारा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन ही सगळी स्टेरॉइडंच. क्लोट्रिमाझोलच्या शेवटी 'झोल' आहे, ते बुरशीचं, गोंधळ करू नका. आणि डॉक्टरांनी नुसतं क्लोट्रिमाझोल लिहून दिलं असेल, तर जनऔषधी केंद्रात तेच औषध स्वस्तात मिळतं. तिथे नावाचे पैसे पडत नाहीत.