उशाशी बसलेला देव

इजिप्तच्या चित्रांतले देव बहुतेक बाजूनेच दिसतात. बेस मात्र थेट समोर बघतो. बुटका, फेंगड्या पायांचा, सिंहाची आयाळ, जीभ बाहेर. मीही त्याला बरीच वर्षे गमतीचा देव समजत होतो. चूक माझी. ते ध्यान भक्तासाठी नव्हतेच. साप-विंचू आणि भुताखेतांना भिववण्यासाठी होते.

म्हणूनच तो देवळापेक्षा घरात जास्त सापडतो: पलंगांवर, लाकडी उशांवर, आरशांच्या मुठींवर. देर अल-मदिनाच्या कारागिरांच्या घरांत तो आहे, तसाच मालकाता येथे तिसऱ्या आमेनहोतेपच्या शयनगृहाच्या भिंतीवरही. रोमन काळात अॅबिडॉसला लोक त्याचा कौल घेऊ लागले. इ.स. 359 मध्ये तिथल्या काही चिठ्ठ्या सम्राट दुसऱ्या कॉन्स्टँटियसपर्यंत पोचल्या आणि राजद्रोहाचे खटले उभे राहिले.

मला मात्र हा देव कळला तो लायडनमधल्या एका पपायरसामुळे. बाई अडली, की मातीचा बुटका करून तिच्या कपाळावर ठेवायचा आणि मंत्र चार वेळा म्हणायचा. हा बुटका म्हणजे बेसच, असे मी मानतो. आई किंवा बाळ, कुणीही दगावू शकेल अशा त्या रात्री घरात करता येण्याजोगे असे हे काही होते. माती तर नाईलकाठी कुठेही मिळे.