पेशवे दप्तर : वसुलीसाठी राखलेला इतिहास

पुण्यात कौन्सिल हॉलच्या परिसरात एक भक्कम दगडी इमारत आहे. १८९१ च्या सुमाराची. सरकारदरबारी तिला एलिनेशन ऑफिस म्हणत. आज ते पुणे पुराभिलेखागार आहे. अभ्यासकांच्या तोंडी मात्र नाव एकच, पेशवे दप्तर. आत फडताळांवर कापडात बांधलेली कागदांची गाठोडी ओळीने रचलेली आहेत. त्यांना रुमाल म्हणतात. रुमाल हजारोंनी आणि कागद कोट्यवधी.

हे सगळं टिकलं ते इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनच्या हाती मुलूख आला. कोणत्या गावचा वसूल किती, इनाम कुणाचं, वतन कुणाकडे, हे पेशव्यांच्या फडातल्या कागदांशिवाय कळणार कसं? पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळालं. इनामदाराचा दावा खरा की बनावट, हे ठरवायला हेच रुमाल सोडले जात. असा सरकारी आसरा नसलेली कितीतरी घराण्यांची दप्तरं वाळवीने फस्त केली.

रुमाल सोडला की हातकागदाचे लांबट बंद निघतात. बोरूने लिहिलेली मोडी लिपी, शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. शुहूर सनाचं वर्षसुद्धा अरबी शब्दांत. ‘अर्बा सबैन मया व अलफ’, म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार : ११७४. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७३ येतं आणि हाती असतो नारायणराव पेशव्यांचा खून झाला त्या वर्षाचा कागद. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या हिशेबवहीत, मात्र बहुधा जमाखर्चच असतो. दाणावैरण, पागेचा पगार, देवस्थानाची नेमणूक. अठराव्या शतकातला महाराष्ट्र काय खात होता, कशावर खर्च करत होता, हे या रुक्ष नोंदींइतकं नेमकं कोणतीही बखर सांगत नाही.

गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिश्यांमधून वेचे काढले होते, पण एरवी अभ्यासकांना हे दार दीर्घकाळ बंदच होतं. १९२९ मध्ये सरकारने रियासतकार गो. स. सरदेसाई यांना निवडीचं काम दिलं. यदुनाथ सरकार त्यांच्या पाठीशी होते. सुमारे ३५ हजार रुमालांचा पसारा चाळायचा, त्यातलं राजकीय महत्त्वाचं वेचायचं, मोडीचं बाळबोध करायचं! १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापून झाले. पानिपतावरचं कुठलंही गंभीर लिखाण आज या खंडांना वगळून होत नाही.

तरी छापलेला भाग अगदी थोडा. उरलेले रुमाल वाचायला मोडी येणारी माणसं हवीत, आणि खरी टंचाई तीच आहे. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गावोगावच्या जुन्या कागदांसाठी मोडी वाचकांची किती शोधाशोध झाली, हे सगळ्यांनी पाहिलं. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. त्या वर्गांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना कायमचं, पगारी काम याच इमारतीत मिळायला हवं.